कुत्र्याला सोबत घेऊन देशाच्या प्रवासाला निघताना: विदर्भातल्या गावातून गाडीने जाणाऱ्या दोघांसाठी

पांढरकवड्याच्या आसपासच्या गावातून निघालं की थोड्या वेळात गाडी राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लागते. हाच रस्ता वर श्रीनगरला आणि खाली कन्याकुमारीला जातो. अकोला, अमरावती, भंडाऱ्याकडच्या लोकांना ५३ क्रमांकाचा महामार्ग जवळचा. तो सुरतेकडून येतो आणि नागपूरवरून रायपूरकडे जातो. देश पाहायला निघायचं तर विदर्भासारखी सोयीची जागा नाही, कारण चारही दिशा सारख्याच लांब आहेत.

अडतं ते घरच्या कुत्र्यापाशी. "राहू द्या जी, आम्ही टाकू भाकर," असं शेजारी मनापासून म्हणतात आणि टाकतातही. पण आमच्या मोत्यासारखं कुत्रं दोघंही दिसेनासे झाले की फाटकाशी बसून राहतं आणि भाकरीला तोंड लावत नाही. अशा कुत्र्याला सोबत नेणंच बरं. मी आणि माझा नवरा त्याला घेऊन फिरतो, आळीपाळीने गाडी चालवतो आणि एक नियम कधीच मोडत नाही: कुठल्याही क्षणी दोघांपैकी एक जण कुत्र्याचा असतो. ढाब्यावर, देवळापाशी, पेट्रोल पंपावर, लॉजच्या काउंटरवर, सगळीकडे. पुढचं जवळजवळ सगळं या एका नियमावर उभं आहे.

न्यायचं की नाही, हे आधी ठरवा

लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू, गाभण कुत्री, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेलं म्हातारं कुत्रं यांना घरीच ठेवा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही, त्यामुळे मार्च ते जूनमध्ये त्यांना लांबच्या प्रवासाला काढूच नये. आपलं गावठी कुत्रं उन्हाला बरंच काटक असतं. त्याला अडचण गाडीची असते, कारण जन्मभर ते मोकळं हिंडलेलं असतं.

महिना कोणता, हेही कुत्र्याकडे पाहूनच ठरवा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हा विचारच नको. डिसेंबर-जानेवारीत इकडची हवा छान असते, पण उत्तरेकडे ग्वाल्हेर-आग्र्यापासून पुढे दाट धुकं पडतं आणि पहाटे गाडी चालवणं धोक्याचं होतं. म्हणून उत्तरेला जायचं तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी, आणि दक्षिणेला जायचं तर डिसेंबर-जानेवारी, असं मी सुचवेन.

महिनाभर आधी दवाखाना

तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात कुत्र्याला घेऊन जा. रेबीजची लस दरवर्षी लागते. पहिल्यांदाच देत असाल तर निघण्याच्या किमान महिनाभर आधी द्या, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसची एकत्रित लसही राहिली असेल तर घ्या. ती लहान दवाखान्यात नसते, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. जंताचं औषध द्या. गोचिडांवरचं औषध डॉक्टरांना विचारूनच लावा. गाईम्हशींसाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने विषबाधा होते, तसं करू नका.

लसीचं पुस्तक सोबत घ्या आणि त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. गळपट्ट्यासाठी पितळेची किंवा स्टीलची छोटी चकती हवी. ऑनलाइन मागवायची गरज नाही. भांड्यांच्या दुकानात ताटांवर नावं कोरून देतात, तिथेच चकतीवर दोघांचे मोबाइल क्रमांक कोरून घ्या. क्रमांक दोन्ही हवेत, कारण हरवलेलं कुत्रं शोधताना एकाचा फोन हमखास व्यस्त असतो. कुत्र्याचं नाव टाकलं नाही तरी चालतं.

गाडीची सवय

ही पायरी लोक गाळतात आणि मग पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये सीट धुवावी लागते. सुरुवात उभ्या गाडीपासून करा. दार उघडं ठेवा, त्याची रोजची गोधडी मागच्या सीटवर टाका आणि जेवण तिथेच द्या. ते स्वतःहून चढायला लागलं की इंजिन चालू करून दहा मिनिटं बसा. मग वावरापर्यंत एक फेरी, मग बाजाराच्या दिवशी तालुक्यापर्यंत. फेरीच्या शेवटी त्याला आवडणारं काहीतरी असावं, म्हणजे मोकळं पळणं किंवा नाल्यात पाय ओले करणं. गाडी म्हणजे इंजेक्शन, असं एकदा डोक्यात बसलं तर ते निघायला फार दिवस लागतात.

लाळ गळणं, सारखं ओठ चाटणं, जांभया देणं ही मळमळीची लक्षणं आहेत. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी मात्र द्या. पिल्लांना हा त्रास जास्त होतो आणि वाढत्या वयात बरेचदा कमी होतो. तरीही उलट्या होत असतील तर डॉक्टर कुत्र्यांसाठीची गोळी लिहून देतात. माणसांची झोपेची गोळी देऊन त्याला गुंगीत नेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गुंगीतल्या कुत्र्याला तोल आणि अंगाचं तापमान दोन्ही सांभाळता येत नाही.

त्याची जागा मागे, आणि बांधलेली

छातीवरून जाणारा हार्नेस घ्या आणि त्याचा छोटा पट्टा सीटबेल्टच्या कुलपात अडकवा. गळपट्ट्याला कधीच बांधू नका. जोराचा ब्रेक लागला तर सगळा झटका मानेला बसतो. पुढच्या सीटवर एअरबॅग असते आणि ती फुगली तर कुत्र्याला गंभीर इजा होते, म्हणून पुढे बसवायचं नाही. चालवणाऱ्याच्या मांडीवर तर नाहीच. काच चार बोटं उघडी पुरे. डोकं बाहेर काढून वारा खाणारं कुत्रं बघायला गोड दिसतं, पण धूळ, कचरा आणि किडे डोळ्यांत जातात. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक आणि काचेचं बटण दोन्ही बंद ठेवा. पंजाने काच खाली होते, हे अनेकांना माहीतच नसतं.

कापसाच्या आणि सोयाबीनच्या दिवसांत गाव ते महामार्ग हा टप्पा सगळ्यात बेभरवशाचा असतो. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, पुढे दिवा नसलेली कापसाची बंडी, असं असताना अचानक ब्रेक लागणारच. तेव्हा हार्नेस अंगणातच अडकवा, महामार्ग आल्यावर नाही.

सामान

पाच लिटरचा घरच्या पाण्याचा कॅन, स्टीलचं पसरट भांडं, सवयीचं अन्न, दोन दोऱ्या (एक छोटी, एक लांब), जुने टॉवेल, विष्ठा उचलायला पिशव्या, टॉर्च, गोचीड काढायला चिमटा, पट्टीचा कापूस, जंतुनाशक आणि मुसकं. आपलं कुत्रं चावत नाही म्हणून मुसकं टाळू नका. हाड मोडलेलं, वेदनेतलं कुत्रं मालकालाही चावतं आणि डॉक्टरांना हात लावू देत नाही.

ऊन चुकवून चाला

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं आणि ते ४१ च्या पुढे गेलं की अवयव निकामी होऊ लागतात. म्हणून हिवाळा सोडला तर दिवसाचा मोठा टप्पा पहाटे उरका. साडेचार-पाचला निघायचं, साडेसातच्या सुमारास पहिला मोठा थांबा, अकराच्या आत मुक्कामी किंवा दाट सावलीत. वाटलंच तर दुसरा छोटा टप्पा साडेपाचनंतर, तोही अंधार पडायच्या आत संपेल एवढाच. दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर पुष्कळ झाले. पांढरकवड्याहून नागपूर दीडशेच्या आसपास आहे. उत्तरेला निघालात तर पहिला मुक्काम सिवनीला ठेवा. दक्षिणेला निघालात तर पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल करत पहिल्या दिवशी हैदराबादच्या अलीकडेच थांबा. हैदराबाद एका दिवसात गाठता येतं, पण कुत्र्यासोबत गाठू नये.

बंद गाडीत कुत्र्याला सोडायचं नाही. बाहेर ३५ अंश असताना बंद गाडीतली हवा दहा मिनिटांत ४५ अंशांच्या आसपास जाते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. दोघं आहात, म्हणून हे सहज पाळता येतं. एक जण आत जातो, दुसरा बाहेर सावलीत कुत्र्यापाशी. चहा आळीपाळीने. शेगाव असो की रामटेक, दर्शनही आळीपाळीने. एकत्र दर्शन घेण्याची ओढ मला कळते. ते घ्यायचंच असेल तर त्या दिवसापुरतं कुत्र्याला सांभाळणारं नातेवाइकांचं घर आधी शोधा.

उतरण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणार. डांबर सोडून माती-गवतावरून चालवा.

समृद्धी महामार्गाबद्दल बरेच जण विचारतात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वेगवान आहे, त्यावर गाडीला ताशी १२० ची मर्यादा आहे, पण चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कुत्र्याला दर दोन तासांनी उतरवावं लागतं आणि तिथे हवं तेव्हा झाडाखाली थांबता येत नाही. सोबत कुत्रं असेल तर मी जुन्या रस्त्याने जाणं पसंत करते. समृद्धीनेच जायचं असेल तर कुठे उतरायचं, ते आधी नकाशावर ठरवून ठेवा.

थांबा घेण्याची पद्धत

आमचा क्रम ठरलेला आहे आणि तो तसाच घ्या, असं मी आग्रहाने सांगते. गाडी रस्त्यापासून आत, ढाब्याच्या कडेला लावायची. आधी एकानेच उतरायचं आणि भोवती चक्कर मारायची. ढाब्याची स्वतःची कुत्री असतात, ती अंगावर येतात. काचा, हाडं, उकळतं तेल टाकलेली जागा, उंदरांसाठी ठेवलेलं विष, सगळं बघायचं. मगच गाडीतल्या माणसाने आधी दोरी हातात घ्यायची, मनगटाला गुंडाळायची आणि शेवटी सीटबेल्टचं कुलूप सोडायचं. हा क्रम उलटला की कुत्रं दारातून उडी मारतं आणि समोर चौपदरी रस्ता असतो.

गावातली कुत्री भुंकत आली तर पळू नका आणि आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावर धरू नका. दोघांपैकी एकाने मध्ये उभं राहायचं, दुसऱ्याने शांतपणे गाडीकडे न्यायचं. दगड उचलल्यासारखं खाली वाकलं तरी बहुतेक कुत्री मागे हटतात. आपल्या कुत्र्याला चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लस घेतलेली असली तरी डॉक्टरांकडून पुन्हा मात्रा घ्या. तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं तर तसंच धुऊन त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

दर थांब्याला पाणी द्या. साधारण किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर रोजचं, उन्हात त्याहून बरंच जास्त. एकदम भांडंभर पाजू नका, थोडं थोडं द्या.

खाण्याचा मोठा भाग मुक्कामी संध्याकाळी. घरचं अन्न संपलं तर ढाब्यावर साधा भात आणि उकडलेली अंडी सांगा, मीठ-मसाला नको म्हणून सांगा. सावजी रस्सा कितीही मागे लागला तरी नाही, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी नष्ट करतो. शिजलेल्या कोंबडीची हाडं फुटून आतडं फाडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगम यांच्यापासून लांब ठेवा. संत्र्याची सालं-बिया काढलेली एखादी फोड दिली तर चालते.

फवारणीचे दिवस

जुलै ते ऑक्टोबर पऱ्हाटीवर, म्हणजे उभ्या कापसावर, फवारे चालू असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. तेच विष धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवतावर आणि नालीतल्या पाण्यात असतं आणि कुत्रं पाय चाटतं. या दिवसांत त्याला वावराच्या कडेला मोकळं सोडू नका, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, प्रत्येक थांब्यानंतर ओल्या फडक्याने पाय पुसा. धुऱ्यावर रिकामे डबे दिसले की तिथून निघा.

भरमसाट लाळ, अंग थरथरणं, बाहुली टाचणीएवढी बारीक होणं, झटके, ही लक्षणं दिसली तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून अंग साबणाने धुवा, जवळ डबा असेल तर त्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या आणि तडक दवाखाना गाठा. औषध कोणतं होतं, हे कळलं की डॉक्टरांना उपचार लवकर करता येतात.

जंगलाचा टप्पा

व्याघ्र प्रकल्पात आणि अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर, कुठेही सफारी करायची तर एकाने बाहेर थांबावं लागेल, आणि ती जागा गेटपासून बरीच दूर, गावात असावी. बिबट्या कुत्रा सहज उचलतो.

महामार्गही जंगलातून जातात. नागपूरहून सिवनीकडे जाताना मनसर ओलांडलं की देवलापार-खवासा हा पेंचचा पट्टा लागतो. तिथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उंचावर नेला आहे आणि त्याखालून वाघही जातात. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटातून जातो. अशा टप्प्यांआधी कुत्र्याचं शी-शू उरकून घ्या आणि जंगल संपेपर्यंत उतरवू नका. दोन मिनिटांसाठीही नाही.

यात कुत्र्याइतकीच जंगलाचीही काळजी आहे. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांत जातो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये हा आजार सापडला होता. म्हणूनच ती एकत्रित लस महत्त्वाची. विष्ठाही जंगलाजवळ टाकू नका, पिशवीत घेऊन पुढच्या गावात टाका.

मुक्काम

तालुक्याच्या लॉजला आदल्या दिवशी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात कुत्रा आहे म्हणून सांगा. दारात पोचल्यावर कळलं तर नकारच मिळतो आणि तेव्हा रात्र झालेली असते. तळमजल्याची खोली मागा. गादीवर बसवणार नाही, स्वतःची गोधडी आहे, हे सांगितल्यावर बरेच मालक तयार होतात. भक्तनिवासात जागा मिळेल, असं धरून चालू नका. मला स्वतःला सोयरे-धायऱ्यांचं गावातलं घर सगळ्यात आवडतं. अंगण असतं, बाज असते, आणि "मोत्या आला का हो?" म्हणून पोरं गोळा होतात. त्या घरचं कुत्रं असेल तर दोघांना आधी घराबाहेर, रस्त्यावर, दोऱ्यांना धरून भेटवा.

खोलीत त्याला एकटं ठेवून जेवायला जाऊ नका. अनोळखी जागी ते दार ओरबाडतं, भुंकतं आणि पुढच्या कुत्रेवाल्याला ती खोली बंद होते. जेवण आळीपाळीने, किंवा डबा खोलीत.

दुखलं-खुपलं तर

रोजच्या मुक्कामाजवळचा दवाखाना आदल्या रात्रीच शोधून ठेवा. महाराष्ट्रात जनावरांसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. त्यावरची फिरती पथकं मुख्यतः गुराढोरांसाठी असली तरी जवळचा डॉक्टर कोण, हे विचारता येतं. मोठ्या उपचारांसाठी नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अकोल्यालाही पशुवैद्यकीय संस्था आहे.

ऊन लागल्याची खूण: थांबत नाहीत अशा धापा, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, लटपटणारे पाय. लगेच सावलीत आणा, सगळ्या अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी द्या, जबरदस्तीने ओतू नका. मग एसी लावून दवाखान्यात न्या. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसून पाणी टाकत राहायचं. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, आतला त्रास नंतर उफाळतो.

साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं काही करू नका. चालवू नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही देतात, पण ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. म्हणून निघतानाच फोन करून विचारा.

घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं.

कुत्रं सुटून पळालं तर एकाने त्याच जागी थांबायचं, कारण ते बरेचदा तिथेच परत येतं. त्याची गोधडी आणि पाणी तिथे ठेवा. दुसऱ्याने ढाबेवाला, पंक्चरवाला, गुराखी यांना फोटो दाखवत फिरायचं. मागे धावू नका, धावलात की ते अजून लांब जातं.

परतल्यावर

पहिल्याच संध्याकाळी दोघांनी बसून टॉर्चच्या उजेडात त्याचं अंग तपासा: कानांच्या आत, काखेत, शेपटीखाली, बोटांच्या मध्ये. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. त्यावर रॉकेल टाकू नका, काडी लावू नका. पुढचे दोन-तीन आठवडे त्याच्या खाण्याकडे लक्ष ठेवा. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या किंवा लघवीचा रंग चहासारखा दिसला तर डॉक्टरांना कुठकुठे फिरून आलात ते सांगा आणि गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या. लवकर सापडला तर बहुतेक कुत्री औषधाने बरी होतात.